शेवटच्या धड्यांखालचे प्रश्न

५ जानेवारी

सूनबाई, आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस, इथं सगळे ठणठणीत आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तुझी सासू मध्ये बोलते. मोबाईलवर लिहायला जावं तर माझं बोट एकदम तीन अक्षरांवर बसतं. सुईत दोरा मी अजून पहिल्या फटक्यात ओवतो, पण त्या यंत्राचं आणि माझं जमत नाही.

तर विषय असा. परवा दुकानात एक बाई मुलांच्या गणवेशाचं विचारायला आल्या. भिंतीवरचे नमुने बघितले, शिलाई विचारली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचं वेबसाइटवर काही आहे का? घरी जाऊन दाखवते." मी म्हटलं, दुकान इथं आहे, घरच्यांनाच इकडे घेऊन या. त्या हसल्या आणि गेल्या त्या गेल्याच. तुझ्या नवऱ्याला सांगितलं, तर म्हणतो, "बाबा, दोन दिवसांत कुणाकडून तरी करून घेतो." मला कुणाकडून तरी नकोय. जन्मभर लोकांचे कपडे मी शिवले, आता माझं पान दुसऱ्यानं शिवायचं हे मनाला पटत नाही. चिमी व्हायच्या आधी तू ऑफिसात हेच काम करायचीस ना? मग मला शिकव. चिरंजीवांचा जुना कॉम्प्युटर कापडाच्या गठ्ठ्यांखाली सापडला. पुसून ठेवलाय. चालू होतो. गिरणीसारखा आवाज करतो म्हणे, पण मला त्याचा त्रास नाही.

अगदी श्रीगणेशापासून शिकव. मला काहीही येत नाही असं धरूनच चाल, म्हणजे चूक होणार नाही.

— बाबा

ता. क. ह्यांनी कॉम्प्युटर कापड बेतायच्या टेबलावर मांडलाय. मी आता कापड कुठं पसरायचं ते तूच ह्यांना विचार. चिमीला पापी. — आई

१२ जानेवारी

बाबा,

नमस्कार. वाकून करणार होते, पण चिमी पाठीवर घोडा घोडा खेळते आहे, तेव्हा आहे तिथूनच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्हीदा हसले. शिकवते की. पण आधीच सांगते, चार वर्षं झाली, हात गंजलाय. बरंचसं विसरले असेन.

सुरुवात अशी. कॉम्प्युटरमध्ये नोटपॅड नावाचं साधं वहीसारखं काहीतरी असतं, त्यातच लिहायचं. पत्रं लिहायच्या प्रोग्राममध्ये लिहू नका, तो स्वतःचं शहाणपण मध्ये घालतो. जे दाखवायचं ते दोन खुणांच्या मध्ये ठेवायचं. ह्या खुणांना टॅग म्हणतात. एक उघडणारा, एक बंद करणारा, दोन्ही टोकदार कंसांत. बंद करणाऱ्यात एक तिरकी रेघ जास्त असते. मोठं शीर्षक, साधा परिच्छेद आणि ठळक अक्षर, तिन्हींचे टॅग वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेत. रंग आणि मापं वेगळ्या फाईलीत ठेवायची, तिला स्टाईलशीट म्हणतात. बहुतेक ती पहिल्या फाईलीला वरच्या भागात जोडायची असते. हो, वरच्याच, मला वाटतं. नीट आठवत नाही, पण करून बघा, काही बिघडत नाही.

एक गंमत सांगते. गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला होता. त्यांच्याकडे एक जागा निघते आहे. मार्चअखेरपर्यंत एका पानाचा नमुना करून पाठव म्हणाल्या, बघू. मी नाहीच म्हणणार आहे. आता सगळं बदललंय बाबा. आमच्या वेळी चौकोन शेजारी शेजारी बसवायला जी कसरत करायचो, ती आता कुणी करत नाही म्हणे. काल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांच्या पंगतीत मी जाऊन बसायचं आणि साध्या साध्या गोष्टी विचारायच्या, म्हणजे हसंच. रात्र-रात्र जागून केलेली कामं एकेकाळी माझ्या हातची होती, हेच आता मला खरं वाटत नाही. असो. तुमच्या चिरंजीवांना हे बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका.

— तुमची सून

२१ जानेवारी

सूनबाई,

पान उगवलं. मी शेजारच्या चष्मेवाल्यालाही बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मास्तर, हे तर ओरडतंय." कारण दुकानाचं नाव ठळक करायला टॅग उघडला आणि बंद करायचा राहिला. मग काय, नाव ठळक, पत्ता ठळक, वेळ ठळक, "रविवारी बंद" तेही ठळक. टाका घालून गाठ मारली नाही की जे होतं तेच झालं. आता गाठ मारली आहे. आणि हो, स्टाईलशीट वरच जोडायची असते, तुझं बरोबर होतं.

पण एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. तुझ्या कागदावर माप कशात द्यायचं ते नव्हतं, म्हणून मी टेप काढली, पडदा मोजला आणि पानाची रुंदी बारा इंच दिली. कॉम्प्युटरनं निमूट ऐकलं. मला आनंद झाला, म्हटलं यंत्राला इंच कळतो. मग पडद्यावर टेप लावून बघितली, तर दहा इंच आणि वर दोन सूत, म्हणजे सव्वादहा. पुन्हा मोजलं, तेच. तुझ्या सासूला मोजायला लावलं, तिचंही तेच. पावणेदोन इंच कुठं गेले? मी गिऱ्हाइकाला असा कोट दिला असता तर त्यानं तो माझ्या डोक्यात घातला असता. ज्यांनी कुणी हे बनवलं त्यांना कळव की इंच म्हणजे इंच असतो.

मॅडमचं वाचलं. नाही म्हणायची घाई करू नकोस. शिवायला आलेलं कापड कधीही परत करता येतं. बाकी तू शहाणी आहेस.

— बाबा

ता. क. माझ्या कमरेची टेप ओढून पडद्याला लावली आणि वर मलाच म्हणे, नीट धर. — आई

३० जानेवारी

बाबा,

तुमचा इंच वाचून मी इतकी हसले की चिमी रडायला लागली, तिला वाटलं आईला काहीतरी झालं. मी इतकी वर्षं हे काम केलं, पण पडद्याला टेप लावणारा माणूस आजवर पाहिला नव्हता.

ह्यावर मला शोधाशोध करावी लागली. कॉम्प्युटरचा इंच हा नावाचा इंच. पडद्यावरचे ठराविक ठिपके मोजून तो त्यालाच इंच म्हणतो. कुणाच्या पडद्यावर ठिपके दाट, कुणाच्या विरळ, म्हणून तुमच्याकडे तो आखूड भरला आणि दुसऱ्याकडे लांब भरेल. फसवणूक नाही, पण तुमचा राग मला पटला.

खरी अडचण पुढे आहे. तुमचे चिरंजीव परवा तिकडे आले होते, त्यांनी तुमची फाईल मला आणून दिली. मी ती माझ्या मोबाईलवर उघडली, तर दुकानाचं नाव दिसतं, पत्ता पडद्याच्या बाहेर. बोटानं सरकवत सरकवत जावं तेव्हा कुठे गल्ली सापडते. तुम्ही तुमच्या एकट्याच्या पडद्याच्या मापाचं पान बेतलंय बाबा, आणि बघणारे शंभर मापांचे. रुंदी टक्क्यांत द्या आणि सोबत 'जास्तीत जास्त एवढीच' अशी मर्यादा घाला. म्हणजे लहान पडद्यावर ते अंग चोरून बसेल आणि मोठ्यावर फाजील पसरणार नाही. कसं ते कागदावर दिलंय. मार्जिन आणि पॅडिंग ह्यांत गोंधळू नका. सदरा अंगाला किती सैल, ते पॅडिंग. दोन माणसं एकमेकांपासून किती लांब उभी, ते मार्जिन.

मॅडमना अजून फोन केला नाही. केला असता, पण त्या दिवशी चिमीला ताप होता, मग राहिलं.

— सून

७ फेब्रुवारी

सूनबाई,

टक्के दिले. पान आता अंग चोरतं. चष्मेवाल्याच्या मोबाईलवरही बघितलं, गल्ली दिसते.

शिकता शिकता काही प्रश्न पडले आहेत, ते लिहितो. एक: आठ चौकोन असे मांडायचे की मोठ्या पडद्यावर एका ओळीत चार बसावेत, मध्यम पडद्यावर दोन, मोबाईलवर एकाखाली एक. कसं करायचं? दोन: गिऱ्हाइकानं नाव लिहिलं पण फोन नंबरची जागा रिकामी ठेवली, तर पानानं त्याला सौम्य शब्दांत कसं अडवायचं? तीन: मोबाईलवर वरची यादी झाकलेली असावी आणि बटण दाबल्यावर उघडावी. चार: ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या मोबाईलनं हे पान त्याला वाचून दाखवताना चित्रापाशी आल्यावर काय म्हणावं, आणि ते आपण कुठं लिहायचं?

सावकाश उत्तर दे, पण सविस्तर दे. कोडही लिही. दुकानाला हे सगळं लागणारच आहे.

— बाबा

१९ फेब्रुवारी

बाबा,

उशीर झाला, पण कारण ऐकाल तर रागावणार नाही.

आठ चौकोनांचं उत्तर मला येत नव्हतं. म्हणजे जुनी कसरत येत होती, ती लिहून टाकणार होते, मग म्हटलं बाबांना शिळं कशाला द्या. चिमी दुपारी झोपली की बसायचे. नवीन पद्धतीला ग्रिड म्हणतात. किती रकाने हवेत ते एका ओळीत सांगायचं आणि चौकोन आपापली जागा शोधतात. पूर्वी आम्ही ज्याच्यासाठी पानभर झटायचो ते आता तीन ओळींत होतं. पहिल्यांदा ते पडद्यावर नीट बसलं तेव्हा मी टाळी वाजवली. घरात कुणी नव्हतं, तरी वाजवली.

फोन नंबरची अडवणूक, झाकलेली यादी, चित्राचं वर्णन, तिन्ही करून बघितलंय आणि तिन्ही चालतं. सोबतच्या चार कागदांवर कोड आहे. चित्राचं वर्णन टॅगच्या आतच लिहायचं आणि 'चित्र' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. 'निळा कोट, दोन खिसे, काळी बटणं' असं लिहायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कोट दिसतो. यादीच्या बटणाला दोन रंग देऊन पाहिले, गडद निवडला, कारण उन्हात मोबाईल धरला की फिका दिसेनासा होतो. हे मी गच्चीवर जाऊन तपासून आले.

एक विचारू? आठ चौकोन कशाला? तुम्ही गणवेश शिवता आणि कोट शिवता. दोन चौकोन झाले. बाकी सहांत काय, आईंचे टोमणे?

पान कुठवर आलं ते पाठवा.

— सून

२७ फेब्रुवारी

सूनबाई,

चारही कागद मिळाले. फार सुंदर. पान पाठवतो, थोडं नीट करून. तोवर आणखी दोन प्रश्न. पान उघडायला वेळ लागत असेल तर चित्रं हलकी कशी करायची? आणि रात्री बघणाऱ्यासाठी पान आपोआप काळं व्हावं आणि अक्षरं पांढरी, हे कसं?

सहा चौकोनांचं गुपित आहे.

— बाबा

ता. क. गुपित कसलं डोंबलाचं. पाकीट मी चिकटवते म्हणून हे लिहिते आहे. ह्यांनी वाचनालयातून एक जाडं पुस्तक आणलंय आणि त्यातल्या शेवटच्या धड्यांखालचे प्रश्न जसेच्या तसे उतरवून तुला पाठवतात. स्वतः अजून तिसऱ्या धड्यात आहेत. पानावर नाव, पत्ता, वेळ, एवढंच आहे. तुझं पत्र आलं की वाचतात आणि मला विचारतात, "ग्रिड म्हणजे काय गं?" मला राहवेना, म्हणून तुलाच सांगते. मन मोठं कर. — आई

५ मार्च

बाबा,

आईंनी तळाशी काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं होतं का मला माहीत नाही. मी वाचलं.

मला वाईट वाटलं. तुम्ही शिकताय आणि तुम्हाला माझी गरज आहे, ह्या विचारानं मी इतके दिवस खुशीत होते. दुपारच्या झोपेवर पाणी सोडून बसत होते. आणि इकडे हे सगळं, माझा गंजलेला हात चालता व्हावा म्हणून, मला औषध पाजणं होतं, साखरेत घोळून. चिमीला मी असंच फसवून औषध देते, पण ती तीन वर्षांची आहे.

काळ्या पानाचं उत्तर मला येतं. पण आता ते कुणासाठी लिहू?

— सून

१२ मार्च

सूनबाई,

तुझ्या सासूचा शेरा मी वाचला नव्हता. बरंच झालं लिहिला, नाहीतर मी पुस्तक संपेपर्यंत थांबलो नसतो.

आता सरळ सांगतो. पहिलं पत्र खरं होतं. दुसरं इंचाचंही खरं होतं, तो राग अजून गेलेला नाही. पण तू लिहिलंस ना, की ती कामं तुझ्या हातची होती हेच आता खरं वाटत नाही, ते वाचून मला चैन पडेना. 'जा, कर नोकरी' असं मला लिहिता आलं असतं. पण सासऱ्यानं लिहिलं की तो हुकूम होतो. तू माझ्या शब्दाखातर गेली असतीस, नाहीतर माझ्या शब्दाखातर अवघडून बसली असतीस, आणि मला दोन्ही नको होतं. उपदेश करायची माझी लायकी नाही, मला त्यातलं कळत नाही. प्रश्न विचारायला कळावं लागत नाही. म्हणून विचारले. तुला फसवल्यासारखं वाटलं असेल तर ती चूक माझी आहे आणि मला तिचं वाईट वाटतंय.

आता माझं ऐक. तुझी सगळी पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी मांडली. जानेवारीच्या पत्रात 'बहुतेक' आहे, 'मला वाटतं' आहे, 'नीट आठवत नाही' आहे. एकोणीस फेब्रुवारीच्या पत्रात ह्यातलं एकही नाही. मोबाईल घेऊन उन्हात बटण बघायला जाणारी बाई विसरलेली नसते. ती फक्त बरेच दिवस बसली नव्हती.

आणि तुझे ते आठ चौकोन मी अक्षर अन् अक्षर उतरवले. दोन दिवस काही दिसेना. मग कळलं की तू दिलेला एक अर्धविराम मला कागदावरचा डाग वाटला होता. तो घातला आणि आठही चौकोन शिस्तीत उभे राहिले, चार वर, चार खाली. त्यात लिहायला माझ्याकडे काही नाही, पण उभे आहेत.

तुझ्या नवऱ्याशी मी काही बोललेलो नाही. तो तुझा नवरा आहे, तूच बोल. एवढंच सांगतो, तो मनानं वाईट नाही. त्याला न सांगता काही कळत नाही, लहानपणापासून असाच आहे.

— बाबा

ता. क. मी यायला तयार आहे. चिमीला सांभाळायला म्हणून नाही, मला इथं टेबल मिळत नाही म्हणून. — आई

२६ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र नाही. रागावली असशील तर रागाव, मी काही म्हणणार नाही.

एक प्रश्न आहे. दुकानाचा फोन नंबर पानाच्या बरोबर मध्ये यायला हवा. नाव मध्ये येतं, पत्ता मध्ये येतो, नंबर काही केल्या डावीकडे जाऊन उभा राहतो. हा प्रश्न पुस्तकातला नाही. तिसऱ्या धड्यातच अडकलोय आणि हा माझा स्वतःचा आहे, तुझ्या सासूची शपथ.

— बाबा

५ एप्रिल

बाबा,

नमस्कार, आणि ह्या वेळी खरोखर वाकून.

रागावले होते, आठवडाभर. मग राग गेला आणि वेळ उरला नाही, म्हणून पत्र नाही. तुमचं बारा तारखेचं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या चिरंजीवांना सगळं सांगितलं. मॅडमचा फोन, नमुना, नाही म्हणायचं ठरवलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटत होतं तुला घरीच बरं वाटतंय. तू कधी काही बोलली नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी चिमीला घेऊन ते बागेत जायला लागले आणि मी कॉम्प्युटरपुढे.

नमुना एका दवाखान्याच्या पानाचा होता. आठ सेवा, नाव-नंबर नोंदवायची जागा, मोबाईलवर झाकलेली यादी. बाबा, त्यातलं निम्म्याहून जास्त मी तुम्हाला आधीच करून पाठवलं होतं. शेवटच्या दिवशी दिला. मग त्यांनी बोलावलं. मॅडमनी पान कॉम्प्युटरवर बघितलं, मोबाईलवर बघितलं, मोबाईल आडवा करून बघितलं. मग विचारलं की ही चार वर्षं ह्या कामातलं काय केलंस. मी खरं ते सांगितलं, की तीन वर्षं नऊ महिने काही नाही, आणि मग सासऱ्यांना शिकवलं. शेजारी एक पोरगा बसला होता, मला ज्यांची भीती वाटायची त्यातलाच. तो काम करता करता काहीतरी शोधत होता. मी डोकावले, तर 'चौकोन मधोमध कसा आणावा' हेच शोधत होता. मी बघते आहे हे बघून म्हणाला, "रोज विसरतो हो." तिथं कुणालाच काही पाठ नाही बाबा. सगळे विचारतात. हसं कुणाचंच होत नाही.

जागा मला मिळाली. दहा तारखेपासून जायचं आहे. आईंना लगेच पाठवा, चिमी पाळणाघरात रुळेपर्यंत त्या इथं हव्यात. टेबल देऊ म्हणावं, मोठं देऊ. तुमचे जेवणाचे हाल होतील, त्याची मला काळजी आहे. तुम्हाला नाही, हेही माहीत आहे.

तुम्ही मला हुकूम केला नाहीत, ह्याचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही. फेडणारही नाही, राहू देत अंगावर.

आता तुमचा नंबर. तो तुम्ही परिच्छेदाच्या टॅगबाहेर ठेवला असणार, आणि मधे यायची सूचना फक्त परिच्छेदांना दिली असणार. त्याला आत घ्या, येईल. नाही आला तर कोड लिहून पाठवा, आणि पुढचे प्रश्नही पाठवा, तिसऱ्या धड्यातले, चौथ्यातले, ज्या धड्यात असाल तिथले. फक्त उत्तर रविवारी लिहीन. बाकीचे दिवस मी कामावर असते.

— तुमची सून